किल्लारीच्या आधी वर्षभर जमीन हलत होती, तरी "इथे भूकंप होत नाही" हे इतकं पक्कं कसं काय होतं?

शंकासुर
गेले काही दिवस किल्लारीच्या भूकंपावर जे हाताला लागेल ते वाचतोय आणि एक गोष्ट काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे विचारतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास, ६.२ चा भूकंप, आठ-दहा हजार माणसं गेली, एवढं सगळ्यांना माहितीये. मला माहिती नव्हतं ते हे की त्याच्या आदल्या वर्षीपासून, म्हणजे ९२ च्या पावसाळ्यापासून, त्याच गावांमध्ये धक्के बसत होते, एखाद-दुसरा नाही तर शंभरावर, जमिनीतून गूढ आवाज येत होते, ऑक्टोबर ९२ चा धक्का तर चांगला लांबपर्यंत जाणवला होता. आणि तेव्हाच्या सरकारी नकाशात लातूर-उस्मानाबाद कुठे, तर सगळ्यात खालच्या, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये.

शाळेत आपल्याला काय शिकवलं होतं आठवा, दख्खनचं पठार म्हणजे जुना, कठीण, स्थिर भूभाग, भूकंप हिमालयात होतात. पाच मार्कांचा प्रश्न असायचा.

ज्यांना यातलं काहीच कळत नाही ते गप्प बसले तर समजू शकतो. पण ज्यांना कळत होतं त्यांचंच डोकं या बाबतीत बंद कसं झालं? २६ वर्षं आधी कोयना होऊन गेलं होतं ना? तज्ज्ञांना शिव्या घालायला धागा काढलेला नाही, खरंच समजून घ्यायचंय. जाणकार प्लीज.

बेसाल्टप्रेमी
भूगर्भशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी एक लक्षात घ्या की "स्थिर भूभाग" ही काही थाप नव्हती. साठीच्या दशकात प्लेट टेक्टॉनिक्स आलं आणि भूकंप कुठे का होतात याचं इतकं सुंदर उत्तर मिळालं की सगळे हरखून गेले. पृथ्वीचं कवच म्हणजे सरकणाऱ्या मोठमोठ्या तुकड्यांचं, या प्लेटा; त्यांच्या कडा घासतात, तिथे भूकंप. भारताची प्लेट वर आशियाला धडकतेय, म्हणून हिमालय. मग मधल्या भागात काय, तर काही नाही, तो आपला निवांत पुढे सरकतोय. जगातले बहुतेक मोठे भूकंप खरोखरच कडांवर होतात, त्यामुळे सिद्धांत दर वेळी पास होत होता. आणि जो सिद्धांत नव्वद-पंच्याण्णव टक्के वेळा बरोबर येतो त्याच्याकडे उरलेल्या पाच टक्क्यांबद्दल कोण विचारायला जातं? वर्गात मीसुद्धा पोरांना तेच शिकवायचो, पुस्तकात तेच होतं.

आता नकाशा. आपल्याकडे भूकंपाच्या झोनचा पहिला मानक नकाशा १९६२ चा. त्यात सात झोन होते, शून्य ते सहा. शून्य! म्हणजे इथे भूकंपाचा विचारच करायची गरज नाही असा अधिकृत शिक्का. हा नकाशा बनला कशावरून, तर प्रामुख्याने आधी झालेल्या भूकंपांच्या नोंदींवरून. मराठवाड्यात कोणी नोंद ठेवायची? जुन्या काळी यंत्रं नव्हती, बखरीत लढाया लिहायचे, जमीन हलली तर फार तर एखादी ओळ. म्हणजे नकाशावर जिथे कोरं होतं तिथे खरा अर्थ एवढाच होता की "आमच्याकडे नोंद नाही". वाचणाऱ्यांनी वाचलं "धोका नाही". माझ्या मते सगळी मेख इथेच आहे, बाकीचं सगळं यातून निघतं.

मग ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयना हादरलं. ६.३ चा भूकंप, १८० च्या आसपास माणसं दगावली, कोयनानगर झोपलं, धरणाच्या भिंतीला आडव्या भेगा गेल्या, मुंबईची वीज गेली. कोयना परिसर नकाशात तोवर अगदी तळाला होता. १९७० ला नकाशा बदलला, कोयना एकदम चौथ्या झोनमध्ये गेलं आणि शून्य झोन काढूनच टाकला, कारण अमुक ठिकाणी भूकंपाची शक्यता शून्य असं म्हणणं शास्त्रात बसतच नाही हे मान्य झालं. आता तुम्ही म्हणाल की इथे डोळे उघडायला हवे होते. उघडले की! पण फक्त कोयनेपुरते. कारण कोयनेला कारण सापडलं: शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. १९६२ च्या सुमारास पाणी भरायला लागलं आणि धक्के सुरू झाले, पाण्याची पातळी आणि धक्के यांचा मेळ दिसायला लागला, धरणामुळे चाळवलेल्या भूकंपाचं कोयना हे जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण झालं. हे संशोधन अस्सल आहे, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण त्याचा एक आडपरिणाम असा झाला की कोयना "अपवाद" ठरलं. धरण होतं म्हणून झालं, बाकी पठार आपलं स्थिरच. धरणातलं पाणी नुसतं ट्रिगर ओढतं, बंदूक आधीच भरलेली असावी लागते, म्हणजे खडकात ताण मुळातच साठलेला असावा लागतो. मग तो ताण फक्त कोयनेखालीच असेल असं कशावरून? हा प्रश्न काही जणांनी विचारला होता, पण पाठ्यपुस्तकापर्यंत तो पोचला नाही.

आणि पुरावा नव्हता असंही नाही. १९६९ ला भद्राचलम, १९७० ला भडोच, दोन्ही पाचच्या वरचे, दोन्ही द्वीपकल्पातलेच. १९०० ला कोईम्बतूरकडे झाला होता. बाहेर बघायचं तर ऑस्ट्रेलियात टेनंट क्रीकला १९८८ मध्ये एकाच दिवशी सहाच्या वरचे तीन भूकंप झाले, तेही "स्थिर" म्हटलेल्या भूभागात. किल्लारीच्या फक्त पाच वर्षं आधी. प्रत्येकाला वेगळं "स्थानिक कारण" मिळालं आणि ते एका रांगेत मांडून कोणी फारसं बघितलं नाही.

लांबलं. बाकीचं नंतर लिहितो.

उमरगेकर
मी त्याच पट्ट्यातला. भूकंपाच्या वेळी सातवीत होतो. सरांनी वर नकाशाचं सांगितलं, नकाशा कुणी बघितलाय आमच्याकडं? आमच्याकडं घराकडं बघून ठरायचं.

माळवदाचं घर ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. भिंत दोन-अडीच फूट रुंद, काही वाड्यांना त्याहून जास्त, काळा दगड आणि मातीचा गारा. भिंतीला बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक रांग, मधी बारकी खडी-माती भरायची. वर लाकडाच्या तुळया, त्यावर लाकडी पट्ट्या आणि त्यावर पांढरी माती. आता ही माती दर उन्हाळ्यात, पाऊस यायच्या आधी, परत घालायची नाहीतर गळती लागती. जुनी कोण काढत बसतंय, तिच्यावरच नवी. माझ्या आजोबांच्या घरावर हात-दीड हात माती होती, वर पोरं खेळायची, वाळवण असायचं, उन्हाळ्यात सगळे वर झोपायचे. उन्हाळ्यात आत गार, हिवाळ्यात ऊब, तोफेचा गोळा लागला तरी पडणार नाही असं म्हातारे सांगायचे. आणि खरं होतं हो ते. शंभर-शंभर वर्षं उभी होती ती घरं. ऊन, पाऊस, वावटळ सगळं पचवलं. जेवढी भिंत जाड आणि जेवढी माती जास्त तेवढं घर भारी, तेवढं घराणं मोठं. गरिबाची कुडाची झोपडी आणि पत्र्याचं खोपट बघून लोक नाक मुरडायचे. भूकंपात नेमकं उलटं झालं, झोपडीतले लई वाचले आणि वाड्यातले दबले.

९२ चे धक्के मला आठवतात. पहिल्यांदा सगळं गाव बाहेर. काही दिवस अंगणात झोपलो, रानात झोपलो. मग थंडी आली, चोऱ्या व्हायल्या लागल्या, परत एक धक्का बसला, काही झालं नाही, परत बसला, काही झालं नाही. प्रत्येक वेळी घर उभंच. मग लोक काय म्हणायला लागले माहितीये का? बघा, एवढे धक्के खाऊन पण भिंतीला काही झालं नाही. म्हणजे धक्क्यांनी भीती वाढायच्या ऐवजी घरावरचा भरोसा वाढला. त्या रात्री गणपती बुडवून लोक दमून घरात येऊन झोपले होते.

त्यामुळं "तज्ज्ञांचं डोकं बंद" एवढ्यावर विषय सोडू नका. ज्याला शाळेचं तोंड माहीत नाही त्यालाही आपल्या घराबद्दल सगळं माहीत असतंय.

हिशेबी
सगळ्यांचं वाचलं, उमरगेकरांना हात जोडून, पण मला हा सगळा प्रकार थोडा वरातीमागून घोडं वाटतोय. आता आपल्याला माहितीये की ९३ मध्ये काय झालं म्हणून ९२ चे धक्के "इशारा" वाटतात. पालघर-डहाणूकडे बघा, नोव्हेंबर २०१८ पासून तिथे धक्क्यांची रांग लागली, लोकांना तंबूत झोपावं लागलं, हजारो छोटे धक्के नोंदले गेले, मोठा भूकंप काही आला नाही. भातसाच्या परिसरात १९८३ ला असेच धक्के बसले, मोठं काही झालं नाही. बहुतेक वेळा अशी रांग येते आणि विरून जाते. मग ९२ ला एखाद्या शास्त्रज्ञाने "काही होणार नाही" असं मनाशी धरलं असेल तर त्याला अहंकार का म्हणायचं, तो आकड्यांच्या बाजूनेच होता की.

उलट्या बाजूचंही उदाहरण आहे. चीनमध्ये हायचेंगला फेब्रुवारी १९७५ मध्ये मोठ्या भूकंपाआधी छोट्या धक्क्यांची रांग आली, लोकांना वेळेत घराबाहेर काढलं, हजारो जीव वाचले. भूकंप ओळखता येतो असा जगभर गाजावाजा झाला. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये तांगशान, तिथे तशी रांगच आली नाही, अधिकृत आकडा दोन लाख बेचाळीस हजार मृत्यूंचा. म्हणजे "आता आम्हाला कळतं" हा आत्मविश्वाससुद्धा तेवढाच फसवा. तुम्हाला काय हवंय, दर धक्क्याला गाव रिकामं करायचं?

शंकासुर
@हिशेबी मुद्दा पटला पण अर्धाच. गाव रिकामं करा असं कोण म्हणतंय? "काही सांगता येत नाही" आणि "काही होणार नाही" या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे ना. पहिलं ऐकून निदान माणूस म्हणेल की बाबा छपरावरची माती तरी कमी करू.

इटलीतल्या लाक्विलाचं प्रकरण याच धर्तीचं आहे बहुतेक? कुणाला नीट माहितीये का?

हिशेबी
हो, लाक्विला. २००९. तिथेही महिनोन् महिने धक्के चालू होते, लोक घाबरलेले, त्यात एक गृहस्थ रेडॉन वायू मोजून मोठ्या भूकंपाचं भाकीत करत फिरत होते. लोकांना शांत करायला ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक बोलावली. नागरी संरक्षण खात्याच्या अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं की धोका नाही, उलट छोट्या धक्क्यांनी ऊर्जा निघून जातेय, वाईनचा पेला घ्या आणि निवांत राहा, साधारण या अर्थाचं. ६ एप्रिलला पहाटे ६.३ चा भूकंप, ३०९ लोक गेले. त्या गावात जुनी रीत होती की धक्का बसला की रात्र बाहेर चौकात काढायची. यावेळी कित्येक जण घरात थांबले, कारण तज्ज्ञांनीच सांगितलंय. पुढे खटला झाला, २०१२ ला सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी असे सातही जण दोषी, २०१४ च्या अपिलात शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन दोन वर्षांवर आली.

आणि हो, छोट्या धक्क्यांनी ऊर्जा निघून जाते हे आपल्याकडेही दर धक्क्यानंतर व्हॉट्सॅपवर फिरतं. साधं गणित आहे: तीव्रता एक अंकाने वाढली की ऊर्जा साधारण ३२ पट. म्हणजे ६ च्या भूकंपाची ऊर्जा ४ च्या धक्क्यांनी काढायची तर असे हजारभर धक्के लागतील.

हे लिहिता लिहिता माझ्याच वरच्या मुद्द्याला मी थोडा सुरुंग लावला हे कळतंय मला :) पण भाकीत करता येत नाही यावर मी ठाम आहे.

बेसाल्टप्रेमी
हिशेबी, भाकीत करता येत नाही यावर कोणाचंच दुमत नाही, आणि लाक्विलाचं बरोबर सांगितलंत.

राहिलेलं लिहितो. भूकंपानंतर किल्लारीला बोअर घेतलं तेव्हा बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या फत्तराचा थर जेमतेम ३३८ मीटरवर संपला, खाली अब्जावधी वर्षं जुना नाईस (gneiss) नावाचा खडक लागला. भेग ज्या खडकात फाटली तो हा खालचा खडक. वर काळ्या फत्तराची अशी चादर पसरलेली की खाली कुठे काय तुटलंय ते पृष्ठभागावरून दिसायची सोयच नाही. आम्ही सगळे बेसाल्टवाले, आयुष्यभर वरची चादर बघितली, तिच्यातले थर मोजले, खनिजं गोळा केली, आणि तिलाच दख्खन समजलो. अशा जागी एकाच भेगेवर पुन्हा मोठा भूकंप यायला हजारो वर्षं जाऊ शकतात. आपला लिखित इतिहास केवढा? तेरला, म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर, किल्लारीहून फार लांब नाही, तिथे नंतर खणून बघितलं तर साधारण दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा असाव्यात असं काही अभ्यासकांनी मांडलं. म्हणजे नोंद होती, पण मातीत होती.

आणि २००२ ला नकाशा परत बदलला. यावेळी झोन एक काढून टाकला, तो दोनमध्ये मिळवला, लातूर-उस्मानाबादचा तो पट्टा तिसऱ्या झोनमध्ये आला. लक्षात आली का गंमत? कोयनेनंतर शून्य गेला, किल्लारीनंतर एक गेला. दर वेळी तळाची पायरी काढतो आणि उरलेल्यात जी तळाची असेल तिच्यावर जाऊन परत निवांत बसतो. आता माझ्याकडे लोक येतात आणि विचारतात, सर आमचा प्लॉट झोन दोनमध्ये आहे म्हणजे सेफ ना?

शंकासुर
सर मस्त लिहिताय. एक विचारू का, किल्लारीजवळच्या माकणीच्या धरणाचं, म्हणजे निम्न तेरणाचं काय? लातूरकडचे माझे ऑफिसातले दोघं छातीठोक सांगतात की निम्न तेरणामुळेच झालं, शास्त्रज्ञांनी दाबलं.

बेसाल्टप्रेमी
दाबलंबिबलं काही नाही, यावर चक्क पेपर लिहिले गेलेत, दोन्ही बाजूंनी. काहींनी संबंध असू शकतो असं म्हटलं, बऱ्याच जणांना ते पटलेलं नाही. तलाव लहान आणि उथळ, आणि कोयनेत पाणी-धक्के यांचा जसा वर्षानुवर्षांचा मेळ दिसतो तसा इथे दाखवता आलेला नाही. पण छातीठोक "हो" आणि छातीठोक "नाही" दोन्ही ऐकलं की मला कोयनेवर काम करणारी माणसं आठवतात. साठ वर्षं सगळ्या जगाला "धरणामुळे भूकंप" चं उदाहरण म्हणून ठाऊक असलेली जागा, हजारो पानं छापून झालेली, आणि तरी कराडला प्रयोगशाळा काढून गोठणे गावाजवळ तीन किलोमीटर खोल भोक पाडलं, का तर पाणी खाली जाऊन नेमकं काय करतं हे प्रत्यक्ष खडकात जाऊन बघितलेलं नाही म्हणून.

सिव्हिलवाला
उशिरा आलोय पण दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

एक, किल्लारीनंतर सगळ्यांनी निकाल देऊन टाकला: दगड वाईट, सिमेंट चांगलं. बावन्न गावं नवीन जागी वसवली, लोकांना दगडाचं नावही नको झालं होतं, आणि त्यांचं चुकलं असं कोण म्हणेल. पण इंजिनिअर म्हणून बघायला गेलेल्यांनी तिथेच दुसरी गोष्ट नोंदवली होती. खणाचं घर, म्हणजे ज्यात छपराचं वजन लाकडी खांब-तुळयांवर असतं आणि भिंत नुसती आडोशाला, अशी कित्येक घरं उभी राहिली, भिंती बाहेर पडल्या पण सांगाडा आणि छप्पर जागेवर. उमरगेकरांनी सांगितली ती दोन रांगांची भिंत का फुटते, तर दोन्ही रांगांना बांधणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगडच टाकलेला नसतो. तो दर दोन-अडीच फुटांवर टाकला आणि दाराच्या वर चारी भिंतींना फिरवून एक पट्टा घेतला तर त्याच दगडाची भिंत बरीच तग धरते. हे करून दाखवलं, दुरुस्तीच्या कार्यक्रमात शिकवलंही. पण लोकांचं आधीच ठरलेलं होतं.

दोन, सिमेंटवरच्या भक्तीचं उत्तर २६ जानेवारी २००१ ला मिळालं. भूकंपाचं केंद्र भूजकडे, आणि दोनशेहून जास्त किलोमीटरवर अहमदाबादेत आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, बहुमजली इमारती कोसळल्या. त्यातल्या कितीतरी खाली नुसते कॉलम आणि पार्किंग, वर चार-पाच मजले भिंतींसकट. वरचा भाग ताठ, खालचा मजला लवचिक, सगळा हिसका त्या कॉलमांच्या वरच्या-खालच्या टोकांना. आता पुण्यात खिडकीतून बाहेर बघा आणि अशा किती दिसतात ते मोजा. २००२ च्या नकाशात पुणे आणि मुंबई दोन्ही झोन तीन.

ताकभात
आमची बिल्डिंग ९८ ची, खाली पार्किंग. सेक्रेटरी म्हणतात "आरसीसी आहे, काय होणारे." काय बघायचं आम्ही नक्की? सिव्हिलमधलं शून्य कळतं.

सिव्हिलवाला
@ताकभात आधी स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा, आर्किटेक्टचं नाही, स्ट्रक्चरलचं. सोसायटीकडे नसलं तर महापालिकेच्या बांधकाम परवानगीच्या फाइलमध्ये मिळतं का बघा. त्यात कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळ्यांना वेढणाऱ्या आडव्या सळ्या बघायच्या, कॉलमच्या टोकांना, म्हणजे बीमच्या खाली आणि जमिनीच्या वर, त्या जवळजवळ टाकल्यात की सगळीकडे सारख्याच अंतरावर, आणि रिंगेचं टोक आत वळवलंय (१३५ अंशात) की नुसतं काटकोनात. हे आयएस १३९२० या भारतीय मानकात आहे, तेही ९३ सालचंच, पण ९८ च्या बिल्डिंगमध्ये पाळलं असेलच असं नाही. मग एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवून पार्किंगच्या कॉलमांची तपासणी करून घ्या, रिबाउंड हॅमर (काँक्रीटची मजबुती बघायचा हातोडा) वगैरे, आणि कॉलमांमधल्या काही मोकळ्या जागांत भिंत किंवा स्टीलचे तिरके टेकू देता येतील का ते त्यालाच विचारा. दोन-चार गाड्यांची जागा जाईल. खरं भांडण तिथेच होणारे, तेव्हा मीटिंगच्या आधी दोघा-तिघांना आपल्या बाजूला करून ठेवा.